टँकमध्ये १५००, तलावात १५०० आणि विहिरीतलं पवणं : माझी पहिली ऑलिंपिक डिस्टन्स ट्रायथलॉन

उसाचाफड

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं इथले पळण्या-सायकलीचे धागे गुपचूप वाचतोय, आज पहिल्यांदा स्वतः लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी ४३ वर्षांचा, मूळ गाव वाळवा तालुक्यात, नोकरी सांगलीत पतसंस्थेत, म्हणजे दिवसभर बूड खुर्चीला. साखर बॉर्डरवर आली तेव्हा पळायला लागलो, मग साताऱ्याची हिल मॅरेथॉन केली (यवतेश्वरच्या घाटात रडलो), मग सेकंडहँड रोडबाईक घेतली, आणि मग ऑफिसातल्या एकाने डोक्यात किडा सोडला की पळतोस, सायकल मारतोस, पोहता येतंच, मग ट्रायथलॉन कर की. "पोहता येतंच" हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ऑलिंपिक डिस्टन्स म्हणजे १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी पळणं, सलग, घड्याळ मध्ये थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये सिडनी २००० पासून हेच अंतर आहे म्हणून हे नाव. टोकियोला नॉर्वेचा ब्लुमेनफेल्ट १ तास ४५ मिनिटं ४ सेकंदांत हे सगळं संपवून मोकळा झाला. माझा टाइम खाली येईलच, हसू नका. आणि हो, हे आयर्नमॅन (ह्याच्याहून कितीतरी लांबची ट्रायथलॉन) नाही. आमच्या सोसायटीत सगळ्यांना मी आयर्नमॅन झालोय असं वाटतंय, खुलासा करून करून थकलो, आता करत नाही.

तर पोहणं. आम्ही विहिरीत शिकलो. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, चुलत्याने वरनं ढकलून द्यायचं, आणि मग जो काय हातपाय मारेल तो मारेल. आठ दिवसांनी डबा सुटतो. हे जे पवणं असतं त्यात मान कायम वर, तोंड पाण्यात जातच नाही, हात आपटत जायचं. टँकवर गेलो तर आमचे सर बघतच राहिले. म्हणाले हे काय, भांडताय काय पाण्याशी? मग आठ महिने त्यांनी माझी मान पाण्यात घालायला लावली. अक्षरशः आठ महिने. तोंडाने श्वास घ्या, पाण्यात बुडबुडे सोडा, तीन हातांनी श्वास, कोपर वर. शेवटी शेवटी टँकमध्ये १५०० मीटर ३८ मिनिटांत यायला लागलं. वाटलं झालं काम.

काय झालं नव्हतं ते नंतर कळलं. आमचा टँक २५ मीटरचा. १५०० म्हणजे ६० लांब्या, म्हणजे ५९ वेळा भिंतीला लाथ मारून फुकटचा धक्का, ५९ वेळा अर्धा सेकंद का होईना पण दम. खाली काळी रेघ, पाणी निळं, तळ दिसतो, बाजूला सर उभे. तलावात ह्यातलं काहीच नसतं. मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, इथंच दोन धाग्यांत लिहिलेलं होतं. पण मला विहिरीचा माज होता ना. मी म्हटलं आपण काय शहरी पोरं आहोत का तलावाला घाबरायला.

रेस कोल्हापूरला, राजाराम तलावात. आदल्या दिवशी सायकल लावून आलो, रात्री झोप शून्य. पहाटे दंडावर मार्करने नंबर, घोट्याला चिप, डोक्याला टोपी. तलावावर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसतच नव्हता. साडेसातशेचे दोन राउंड, केशरी बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा), मध्ये कयाकवाले (छोट्या होडीतले मदतनीस). पाणी गार, पण वेटसूट (थंडी अडवणारा रबरी सूट) घालण्याइतकं नाही. आजूबाजूला सगळे पंचवीस-तीसचे, पोटं सपाट. मी जरा मागंच उभा राहिलो, एवढी एक अक्कल होती.

शिट्टी झाली आणि पहिल्या पन्नास मीटरमध्ये कोणाचा तरी पाय माझ्या गॉगलवर. गॉगल सरकला, डावा डोळा पाण्याने भरला. तोंड खाली घातलं तर हिरवं. नुसतं हिरवं. स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसतो, पुढं काही नाही. आणि त्याच क्षणी छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. श्वास घेतोय पण आत जातच नाही. तीन हातांनी श्वास गेला उडत, प्रत्येक हाताला वर येतोय तरी पुरत नाही. दोनशे मीटर झाले असतील नसतील, वळून बघितलं तर काठ इतका जवळ होता की लाज वाटली. उताणा झालो. आभाळाकडं बघत पडून राहिलो. एक कयाकवाला पोरगा आला, म्हणाला काका धरा की, आणि मी, मूर्ख माणूस, म्हटलं नको नको ठीक आहे. मला वाटत होतं धरलं की बाद. नंतर कळलं कयाक किंवा बोया धरून दम खाल्ला तर चालतो, फक्त त्याच्या जोरावर पुढं सरकायचं नाही. ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं होतं, मी तेव्हा टॉयलेटच्या लाइनीत होतो.

उताणं पडल्या पडल्या मनात हिशेब चालू होता, फी किती भरली, लॉजचं भाडं किती, घरी काय सांगायचं. आणि मग मी पालथा झालो आणि काही न ठरवता मान वर काढून पवायला लागलो. विहिरीतलं. हात आपटत. आठ महिन्यांची सरांची मेहनत एका मिनिटात बुडाली, पण श्वास आला हो. तोंड पाण्याच्या वर म्हटल्यावर श्वासाचा प्रश्नच मिटला, आणि बोया समोर दिसतोय, बाकीचे लोक मान वर काढून काढून दिशा बघतायत, मला कायमच दिसतंय. पहिल्या राउंडचे उरलेले पाचशे-साडेपाचशे मीटर असेच काढले. मानेची आणि कमरेची वाट लागली. दुसऱ्या राउंडला निम्मं ब्रेस्टस्ट्रोक, आणि शेवटचे चारेकशे मीटर चक्क सरांनी शिकवलेलं फ्रीस्टाईल, तोंड खाली, हिरवं तर हिरवं. ४८ मिनिटं. पाण्यातून बाहेर आलो तेव्हा मागं मोजून पाच टोप्या होत्या.

टी वन (पहिलं ट्रान्झिशन, म्हणजे पोहून आल्यावर सायकलची तयारी करायची) मध्ये सात मिनिटं घालवली. सात! मोजे घालत होतो. ओल्या पायात मोजे चढत नाहीत, हे ४३ वर्षांत कधी कळलं नव्हतं. आणि हेल्मेटचा बंद न लावताच सायकलला हात लावला, तर स्वयंसेवक मुलगी ओरडली, "सर आधी बकल!" नियम असा की सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि बंद लागलेला पाहिजे. तिने ओरडून वाचवलं, तिला शंभर वर्षं आयुष्य लाभो.

सायकल मस्त झाली, फार लिहीत नाही. ४० किमी, १ तास ३१. उसाच्या ट्रॉल्या चालू झाल्या होत्या, रस्त्याकडेला उसाची कांडी पडलेली, एकावरनं गेलो तर चाक सटकता सटकता राहिलं. (आयडी बघा आमचा, आणि मरण कशाने आलं असतं बघा.) एकाच्या मागं चिकटून वारा चुकवायचा मोह झाला पण आपल्या गटात ड्राफ्टिंग बंद, दहा-बारा मीटर अंतर ठेवावं लागतं. खाण्याचा एक फजितीचा किस्सा : एनर्जी जेल परवडत नाहीत आणि पोटाला सोसत नाहीत म्हणून राजगिऱ्याची वडी नेली होती. तीस किमीच्या स्पीडला राजगिऱ्याची वडी फोडून बघा एकदा. अर्धी तोंडात, अर्धी मिशीत, उरलेली मागच्याच्या गॉगलवर. तो काय बोलला ते इथं लिहिता येणार नाही.

पळणं. सायकलवरनं उतरून पहिले दोन किमी पाय आपले नसतातच. मांड्यांच्या जागी पिठाची पोती. ब्रिक वर्कआउट म्हणजे सायकलनंतर लगेच पळायचं, ते मी तीनदाच केलं होतं, दर आठवड्याला करायला पाहिजे होतं. तिसऱ्या किमीला पाय परत आले. सातव्यानंतर ऊन. प्रत्येक पाण्याच्या टेबलाला चाललो, बाकी पळालो. १ तास १३.

पोहणं ४८, टी वन ७, सायकल ९१, टी टू ४, पळणं ७३. एकूण ३ तास ४३ मिनिटं. कटऑफ चार तासांचा होता. ब्लुमेनफेल्ट तोवर घरी जाऊन आंघोळ करून जेवला असता.

आता प्रश्न. पुढच्या वर्षी परत करायची आहे. मी परत आठ महिने फ्रीस्टाईलच घोटावं, का विहिरीतलं पवणंच जरा सुधारून घ्यावं? कारण खरं सांगतो, मला त्या दिवशी त्या डब्याने वाचवलं, टँकने नाही.

---

रांगडागडी

नाद खुळा भावा!! राजाराम तलाव म्हंजे आमचं अंगण. तू मागं पाच टोप्या म्हणालास त्यातली एक माझी हुती 😂 मी पण कोटीतीर्थात शिकलेला, मान वरच. आम्ही दोघं-तिघं मागं मागं एकमेकाला बघतच येत हुतो. पुढच्या टायमाला रेसनंतर मिसळ खायला थांब, पळून जाऊ नको सांगलीला.

---

पुणेरीपायडल

अभिनंदन. पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत, जरा कडक बोलतो. विहिरीच्या पोहण्याने तुम्हाला वाचवलं नाही, तुम्ही उताणे पडून जी दोन मिनिटं काढलीत त्याने वाचवलं. तोवर श्वास खाली आला होता. त्यानंतर फ्रीस्टाईल केलं असतंत तरी जमलं असतं. मान वर काढली की कंबर खाली जाते, पाय खाली जातात, म्हणजे अंगाची फळी न राहता नांगर होतो. तेवढंच अंतर जायला कितीतरी जास्त ताकद लागते आणि ती ताकद पुढं सायकल-पळण्यात कमी पडते. मी गोव्याची ७०.३ (अर्धी आयर्नमॅन) केलीय, मिरामारला समुद्रात १.९ किमी, तिथं लाटेत मान वर काढून पोहत राहिलात तर संपलंच.

आणि टी वन सात मिनिटं हा फुकट घालवलेला वेळ आहे. मोज्यांत आधी टाल्कम पावडर टाकून ठेवा आणि अर्धे गुंडाळून ठेवा. किंवा सायकलला मोजेच नकोत.

---

पाणकोंबडी

दादा, आधी मनापासून अभिनंदन! मी मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेत तीन किमी पोहलेय, पळता मात्र बससाठी पण येत नाही, त्यामुळे माझं फक्त पाण्यापुरतं ऐका.

पुणेरींचं शास्त्र बरोबर आहे, पण ते भीती विसरले. टँकमध्ये शिकलेल्या माणसाला मान वर काढून पोहताच येत नाही, तो घाबरला की त्याच्याकडे दुसरं काही नसतं. तुमच्याकडे होतं. ओपन वॉटरवाले सगळे मान-वर फ्रीस्टाईलचा सराव मुद्दाम करतात, दिशा बघायला. म्हणजे चुलत्याने तुम्हाला जे फुकट दिलं ते लोक टँकवर पैसे देऊन शिकतात. फक्त ते पाचशे मीटर करायचं नसतं, आठ-दहा हातांनी एकदा, मगरीसारखे डोळे वर काढायचे, बोया बघायचा, परत खाली.

टँकमधली एक युक्ती सांगते : अधूनमधून डोळे मिटून पोहा. एका लांबीत किती वाकडे जाता बघा. मी उजवीकडे जाते, कायम. तलावात रेघ नसते तेव्हा ह्याच सवयीने माणूस १५०० चे १७०० करून येतो. आणि भिंतीला हात न लावता एक हात आधीच वळायचं, म्हणजे तुमच्या त्या ५९ लाथा बंद.

टोपी शक्यतो भडक रंगाची. पांढरी टोपी लाटेत फेस वाटते, कयाकवाल्याला दिसत नाही.

---

नाडीडॉक्टर

उत्तम लिहिलंय. पण "छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं" हे वाक्य विनोदात वाहून जाऊ नये म्हणून लिहितोय.

बहुतेक वेळा हे घाबरून होतं. गार पाणी, गर्दी, एकदम जोर, त्यामुळे माणूस भराभर वरवरचे श्वास घेतो आणि सोडायचं विसरतो. छाती आधीच भरलेली, त्यात आणखी हवा कुठं जाणार, म्हणून "घेतोय पण आत जात नाही" असं वाटतं. उपाय तुम्ही नकळत केलात. उताणं व्हा, तोंडाने फुंकर मारल्यासारखा श्वास पूर्ण सोडा, घ्यायची काळजी करू नका, तो आपोआप येतो. रेसच्या आधी पाच-दहा मिनिटं पाण्यात उतरून तोंड बुडवून घेतलं तर हे खूपच कमी होतं. तुम्ही वॉर्मअप केला होता का?

पण ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू झालेत त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झालेत आणि त्यात चाळिशी-पन्नाशीचे पुरुष बरेच. तुम्ही ४३, साखर बॉर्डरवर. बाहेर आल्यावरही छाती दुखत राहिली, किंवा खोकल्यातून गुलाबीसर फेस आला, तर ते भीतीचं नाही, तिथंच थांबायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. आणि हात वर करून कयाक बोलवायला लाजायचं नाही. ती पोरं त्यासाठीच बसलेली असतात. पुढच्या रेसआधी फिजिशियनकडे जाऊन ईसीजी आणि ते म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. मला इथं फोटो टाकू नका रिपोर्टचे, प्रत्यक्ष दाखवा.

---

उसाचाफड

डॉक्टर, वॉर्मअप नाही केला. टॉयलेटच्या लाइनीत होतो (परत तेच). बाहेर आल्यावर काही दुखलं नाही, पण ईसीजी ह्या आठवड्यात करतो, बायकोने तुमची पोस्ट वाचली, आता सुटका नाही.

पुणेरी, नांगर हा शब्द आवडला. शेतकऱ्याच्या पोराला बरोबर लागला.

---

हॅम्बुर्गकर

मी मूळचा इचलकरंजीचा, गेली नऊ वर्षं हॅम्बुर्गमध्ये. इथं दर उन्हाळ्यात शहराच्या मधोमध मोठी ट्रायथलॉन होते, आल्स्टर तलावात पोहायचं, आणि पोहताना एका पुलाखालून जावं लागतं. तिथं काही मीटर जवळजवळ अंधार. वर लोक आरडाओरडा करतायत आणि खाली तुम्ही काळ्या पाण्यात, आवाज घुमतोय. मला तुमच्या त्या "नुसतं हिरवं" ने एकदम तो पूल आठवला. मी तिथं मोठ्यांदा "विठ्ठल विठ्ठल" म्हणालो होतो, पाणी गेलं तोंडात.

इथं पाणी थंड असलं की वेटसूट घालतात आणि तो माणसाला तरंगत ठेवतो, म्हणजे काय, तुमचा डबाच की हो तो, फक्त महाग. २२ अंशांच्या वर पाणी गेलं की आमच्यासारख्या हौशी लोकांना वेटसूट बंद. एका वर्षी तसंच झालं, मी नवा घेतलेला सूट घरी ठेवून आलो होतो आणि काठावर उभा राहून अक्षरशः तुमच्यासारखाच हिशेब करत होतो.

---

भित्रीभागूबाई

सगळं वाचून काढलं एका दमात. मी ३८, सायकल आणि पळणं बरं आहे, पोहणं गेल्या वर्षी शिकले, अजून खोल बाजूला जाताना पोटात गोळा येतो. डायरेक्ट ऑलिंपिक करावी का आधी छोटी? आणि एक विचारायचं होतं, ताईंना विचारते, कपड्यांचं कसं करता? पोहून आल्यावर बदलायला जागा असते का? ह्या एका गोष्टीसाठी मी दोनदा फॉर्म भरता भरता थांबलेय.

---

पाणकोंबडी

अगं बदलायचंच नसतं! ट्रायसूट म्हणून मिळतो, तोच पोहताना, तोच सायकलवर, तोच पळताना, बुडाला पातळसं पॅड असतं. गुडघ्यापर्यंतचा आणि बाह्यांचा पण मिळतो. नाहीतर माझ्या मैत्रिणीने पोहण्याचा फुल सूट घातला आणि वरनं सायकलची शॉर्ट आणि टीशर्ट चढवला, दोन मिनिटं जास्त गेली, कोणी काही म्हटलं नाही. नंबर कपड्याला पिना मारून लावू नकोस, कमरेचा बेल्ट घे, सायकलला मागं, पळताना पुढं फिरवायचा. ट्रान्झिशनमध्ये उघडं होणं तर नियमातच बसत नाही, त्यामुळे सगळेच एका कपड्यात असतात, तुझ्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो.

आणि छोटी कर आधी. स्प्रिंट, साडेसातशे-वीस-पाच. त्याच्या आधी दोन-तीनदा तरी कोणाला तरी सोबत घेऊन उघड्या पाण्यात जा. एकटी अजिबात नाही. कमरेला बांधायचा फुगा मिळतो, स्विम बॉय म्हणतात, तो घे.

---

रांगडागडी

फुगा न्हवं वो ताई, डबा म्हणा डबा. सगळं फिरून शेवटी डब्यावरच येतंय 😂😂

---

पुणेरीपायडल

मान्य. डब्यापुरता माघार घेतो. नांगराबद्दल नाही.

---

नाडीडॉक्टर

भागूबाई, पोटात गोळा येतो हे चांगलं लक्षण आहे, ज्यांना येत नाही त्यांची जास्त काळजी वाटते. आमच्या विहिरीवाल्यांसारखी.

---

उसाचाफड

अपडेट. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट पण करून घेतली, ती पण ठीक.

दुसरं म्हणजे काल टँकवर सरांना हा सगळा धागा वाचून दाखवला, मोबाइलवर. वाटलं रागावतील. शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा "मगरीसारखे डोळे" ला मान डोलावली. मग म्हणाले, "मान वर काढून किती गेलास म्हणालास?" मी म्हटलं पाचशे, जास्तच असतील. म्हणाले, "उद्या पावणेसहाला ये. पाचशे तसंच पोहून दाखव."

---

हॅम्बुर्गकर

मग??

---

पाणकोंबडी

मग काय झालं दादा, असं अर्धवट सोडू नका.

---

उसाचाफड

गेलो आज. घाबरायला काही नव्हतं, निळं पाणी, खाली रेघ, भिंतीला लाथा मारायची पण परवानगी दिली. एकशे पंचाहत्तर मीटरला मान भरून आली आणि कडेला धरून उभा राहिलो. सर काही बोलले नाहीत. हातात पुल बॉय (मांड्यांत धरायचा तरंगणारा फोमचा ठोकळा) दिला, म्हणाले, "तोंड खाली. दहा लांब्या."